श्वास मोजून खेळावयाचा खेळ

खेळ म्हटला कीं त्यांत दोन पक्ष हवेत, हारजीत हवी आणि कोणी तरी पंच हवा, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. आट्यापाट्यांत पाटी धरणारा असतो, हुतुतूंत समोर गडी उभे असतात, बुद्धिबळांत डोकें खाजवीत बसलेला प्रतिस्पर्धी असतो. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांविषयीं तर घरांतील वडीलधाऱ्या मंडळींचा ग्रह याहूनहि ठाम असतो : तेथें बंदुकांचे आवाज व्हावयाचे, कोणी तरी मारावयाचें, कोणी तरी मरावयाचें, आणि मुलाचें ताट गार व्हावयाचें. हा ग्रह सर्वस्वीं निराधार आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ह्या खेळांच्या मोठ्या कुळांत एक शाखा अशी आहे कीं, जिच्यांत प्रतिपक्ष नाहीं, पंच नाहीं आणि गुणांचा फलकहि नाहीं. एकटा मनुष्य अनोळखी प्रदेशांत येऊन पडतो. त्याला तेथें जिवंत राहावयाचें असतें आणि तो प्रदेश ओळखून घ्यावयाचा असतो. ह्या जातीच्या खेळाचें स्वरूप काय, त्यांत मन गुंतण्यासारखें काय आहे आणि त्याचें मोल कितपत मानावें, ह्याचा विचार एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारें केल्यास तो अधिक स्पष्ट होईल.

तें उदाहरण म्हणजे ‘सबनॉटिका’. अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील ‘अन्‌नोन वर्ल्ड्‌स एंटरटेनमेंट’ ह्या मंडळीनें हा खेळ तयार केला. त्याचा दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलंड. डिसेंबर २०१४ मध्यें तो अपुऱ्या स्थितींतच विक्रीस निघाला आणि २३ जानेवारी २०१८ रोजीं पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला. मधल्या तीन वर्षांत, मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबरीप्रमाणें, त्याचे नवे नवे भाग लोकांच्या हातीं पडत गेले. फरक एवढाच कीं, येथें लोकांचे अभिप्राय पाहून मागील प्रकरणेंहि पुन्हां लिहिलीं जात होतीं.

अशा खेळास ‘प्रथमपुरुषी’ म्हणतात. हा शब्द व्याकरणांतलाच होय. ‘तो बुडाला’ म्हणणें निराळें आणि ‘मी बुडालों’ म्हणणें निराळें. कित्येक खेळांत नायकाची सबंध आकृति पडद्यावर दिसते आणि खेळणारा तिला कळसूत्री बाहुलीप्रमाणें नाचवितो. येथें नायक दिसतच नाहीं. पडदा हाच त्याचा डोळा. खालच्या कडेला फार तर त्याचे दोन हात दिसतात. मान वळविली कीं जग वळतें. संगणक दर सेकंदास तीस, साठ किंवा त्याहूनहि अधिक चित्रें नव्यानें रेखाटून पुढें मांडीत असतो, आणि तीं इतक्या त्वरेनें बदलतात कीं डोळ्यांस अखंड गति भासते. चित्रपटांतहि चित्रेंच असतात. पण तीं अगोदर घेऊन ठेवलेलीं. येथें खेळणाऱ्यानें कोणीकडे पाहिलें, तें पाहून त्या क्षणीं तीं काढलीं जातात. म्हणून चित्रपटांतील बुडत्या माणसाची प्रेक्षकाला कींव येते. ह्या खेळांत मात्र बुडणारा स्वतः खेळणाराच असतो, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या त्याचा श्वास खरोखरीच अडखळतो.

कथानक थोडक्यांत असें. ‘ऑरोरा’ नांवाचें एक प्रचंड अंतराळयान ‘४५४६ बी’ ह्या दूरच्या ग्रहावर कोसळतें. ग्रह जवळजवळ सगळा पाण्यानें व्यापलेला. यानावरील रायली रॉबिन्सन हा इसम पांचव्या क्रमांकाच्या जीवरक्षक कोशांत बसून निसटतो. शुद्धीवर येतो तों कोशांत आग लागलेली. ती विझवून वरची झडप उघडतो तों चोहोंकडे निळें पाणी आणि दूरवर जळत असलेलें ऑरोरा. नायकाचें आडनांव वाचतांच डॅनिएल डिफो ह्याच्या १७१९ सालच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’ची आठवण होते. ओसाड बेटावर एकट्यानें संसार थाटण्याच्या त्या गोष्टीचा हा खेळ वंशज आहे, यांत शंका नाहीं. त्याच्या दुसऱ्या पूर्वजाचें नांव झ्यूल व्हर्न. पाणबुडीतून समुद्रतळ हिंडणारा त्याचा कॅप्टन नेमो हा मुळांत बुंदेलखंडांतील राजपुत्र होता, हें व्हर्ननें ‘द मिस्टीरियस आयलंड’ ह्या कादंबरींत उघड केलें आहे. तेव्हां समुद्राखालच्या ह्या भटकंतीच्या कुळाचा एक धागा, कल्पनेंत कां होईना, हिंदुस्थानापर्यंत येऊन पोहोंचतो.

क्रूसोला निदान हवा फुकट मिळत होती. येथें तीहि मोजून घ्यावी लागते. आरंभीं एका दमांत ४५ सेकंदच पाण्याखालीं राहतां येतें. साधी टांकी पाठीवर चढविली कीं त्यांत ३० सेकंदांची भर पडते. शिवाय १०० मीटरांच्या खालीं, योग्य तें उपकरण नसल्यास, हवा अधिक वेगानें संपते. म्हणजे जितकें खोल जावें तितका परतीचा मार्ग लांबतो आणि हातची शिदोरी आंखूड होते. हाच ह्या खेळाचा मुख्य हिशेब होय. खालीं एखादा चमकता धातूचा तुकडा दिसतो. तो हातभर अंतरावर असतो. आणि नेमकी त्याच क्षणीं हवा संपत आल्याची सूचना मिळते. हात पुढें करावा कीं मागें फिरावें? पुष्कळांना पहिल्या दिवशीं लोभ आवरत नाहीं आणि ते बुडतात. दुसऱ्या दिवसापासून तेच लोक अर्धी हवा उरली असतांच वर यावयास शिकतात. असा धडा व्याख्यान देऊन शिकवितां आला असता कीं काय, हा प्रश्नच आहे.

हवेच्या पाठोपाठ तहान आणि भूक उभ्या राहतात. अथांग पाण्यांत राहून पिण्यास थेंब नाहीं, ही खलाशांची जुनी व्यथा येथें अक्षरशः भोगावी लागते. एका जातीचा फुग्यासारखा मासा धरून त्यापासून गोडें पाणी काढतां येतें. पुढें मीठ आणि प्रवाळाचा तुकडा ह्यांपासून शुद्ध करणारें द्रव्य तयार करून पाणी मिळवितां येतें. कोशांत एक यंत्र असतें. त्यांत योग्य पदार्थ घातले कीं तें इच्छित वस्तु घडवून देतें. पण योग्य पदार्थ कोठें सांपडतात, हें ज्याचें त्यानें शोधावें. उदाहरणार्थ, कोशांतील बिनतारी संदेशाचें यंत्र बिघडलेलें असतें. तें सुधारण्यासाठीं एक हत्यार लागतें. त्या हत्यारास टायटेनियम लागतें, तें बुडालेल्या यानाच्या भंगारांतून मिळतें. रबरासारखा पदार्थ लागतो, तो उंच वाढणाऱ्या सागरी वेलींच्या बियांच्या घोसांपासून होतो. आणि गंधक लागतो, तो गुहांतून राहणाऱ्या व अंगावर येऊन फुटणाऱ्या एका माशाच्या घरट्यांत असतो. एका दुरुस्तीसाठीं तीन ठिकाणें, तीन धोके आणि निदान दहा बुड्या! घरांत बटण दाबतांच दिवा लागतो, त्यामागें किती हातांची सांखळी असते, ह्याची जाणीव अशा वेळीं आपोआप होते.

ह्या खेळाचें खरें वैशिष्ट्य आतांच सांगावयाचें आहे. त्यांत नकाशा नाहीं. इतर पुष्कळ खेळांत पडद्याच्या कोपऱ्यांत लहानसा नकाशा आणि ‘इकडे जा’ असें दाखविणारा बाण असतो. येथें दिशा दाखविणारें होकायंत्र मिळतें, खोली दाखविणारा आंकडा मिळतो, आणि आपल्या पसंतीच्या जागीं खुणेचे दीप सोडतां येतात. बाकी सारें डोक्यांत ठेवावें लागतें. समुद्र यदृच्छेनें रचलेला नसून कारागिरांनीं विचारपूर्वक हातानें घडविलेला आहे, म्हणून प्रत्येक खेळणाऱ्यास तोच समुद्र भेटतो आणि शिकलेली वाट वाया जात नाहीं. प्रथम प्रवाळांचा उजळ, उथळ भाग. त्यापुढें उंच वेलींचें पाण्याखालचें अरण्य. मग तांबड्या गवताचीं पठारें. मग छत्र्यांसारख्या प्रचंड अळंब्यांचें रान. आणि त्याहि खालीं, सूर्याचा किरण कधींच न पोहोंचणाऱ्या दऱ्या, हिरव्या खाऱ्या द्रवाची नदी व अगदीं तळाशीं धगधगता लाव्हा. दूरचें दिसत नाहीं, म्हणून जवळचें नीट पाहावें लागतें. हा खडक डावीकडे ठेवावयाचा, त्या मोडक्या पत्र्यापासून खालीं उतरावयाचें, अशी वाट तयार होत जाते. जुन्या काळचे कोळी आणि तांडेल ज्या रीतीनें किनारा ओळखीत, ती हीच रीत.

खोलवर जाण्यास वाहनें लागतात, आणि त्यांच्या मर्यादाहि ठरलेल्या आहेत. ‘सीमॉथ’ नांवाची एकट्यानें बसावयाची लहान पाणबुडी २०० मीटरांपर्यंत टिकते; त्यापलीकडे तिचें कवच चेपूं लागतें. कवचांत टप्प्याटप्प्यानें सुधारणा करीत ती ९०० मीटरांपर्यंत नेतां येते. येथें भौतिकशास्त्राचा आधार खरा आहे. खऱ्या समुद्रांत दर १० मीटर खोलीस सुमारें एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे २०० मीटरांवर पृष्ठभागाच्या एकवीस पट दाब असतो. आंकडे पाठ करणाऱ्या मुलास ही गोष्ट कोरडी वाटते. पण कवचाच्या करकरण्याचा आवाज ऐकलेल्या मुलास ती पुन्हां सांगावी लागत नाहीं.

आवाजाचा उल्लेख आलाच आहे, तर भीतीविषयींहि बोललें पाहिजे. ह्या समुद्रांत ‘रीपर’ नांवाचें एक अजस्र जनावर आहे. गढूळ पाण्यांत तें बहुधा दिसण्यापूर्वीं ऐकूं येतें. दूरवरून एक आर्त गर्जना उठते. ती कोणत्या बाजूनें आली हें कळत नाहीं. आणि खेळणारा जागच्या जागीं थिजतो. कांहीं ठिकाणीं तर नायकाजवळचें यंत्रच प्रचंड प्राण्यांची चाहूल लागल्याचें कळवून, चाललें आहे तें खरोखर करण्याजोगें आहे काय, असें त्यास विचारतें. भीति ही येथें शोभेची वस्तु नाहीं. ती माहितीचें रूप आहे. जेथें भीति वाटते तेथें कांहीं तरी अज्ञात आहे, आणि तें ज्ञात झालें कीं भीतीचें रूपांतर सावधगिरींत होतें. वेलींच्या अरण्यांत राहणाऱ्या एका दांताळ माशाचें उदाहरण घ्या. प्रथम तो केवळ वैरी वाटतो. पुढें निरीक्षणानें कळतें कीं त्याला धातूच्या तुकड्यांचा छंद आहे. ते तोंडांत धरून तो हिंडतो आणि त्या नादांत त्याचा एखादा दांत गळून पडतो. त्या दांतापासून पुढें मोठ्या पाणबुडीची मजबूत कांच होते. ज्याला मारावयास मनुष्य निघाला होता, त्याच्याकडे आतां तो भंगाराची भेट घेऊन जातो.

आणि मारावयाचें म्हटलें तरी साधन कोठें आहे? नायकापाशीं एक सुरी असते; तिनें लहानसहान प्राणी मरेल, पण प्रचंड जनावरापुढें तिचा निभाव लागत नाहीं. पुढें प्राण्यास क्षणभर निश्चल करणारें एक उपकरण हातीं येतें. परंतु ठार मारणारी बंदूक ह्या खेळांत ठेवलेलीच नाहीं. ह्यामागें एक दुःखद कारण आहे. ऑक्टोबर २०१२ मध्यें ह्याच मंडळीनें ‘नॅचरल सिलेक्शन २’ हा बंदुकांनीं भरलेला खेळ प्रसिद्ध केला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं, १४ डिसेंबर २०१२ रोजीं, अमेरिकेंतील कनेटिकट राज्यांत न्यूटाउन येथील सँडी हुक प्राथमिक शाळेंत एका बंदूकधाऱ्यानें २० मुलें आणि ६ मोठीं माणसें ठार केलीं. खेळांतील हिंसेमुळें जगांत हिंसा वाढते, असें क्लीव्हलंडचें मत नव्हतें. तथापि जगांत आणखी बंदुकांची भर घालीत बसणें आपल्यानें होणार नाहीं, असें त्यानें पुढें स्पष्ट केलें. बंदूक वगळल्यानें खेळ दुबळा झाला काय? उलट झालें. बंदूक हातीं असती तर प्रत्येक सावलीला एकच उत्तर मिळालें असतें. ती नाहीं, म्हणून पाहणें, थांबणें, वळसा घालणें, प्रकाश मालवणें आणि कधीं कधीं मुकाट्यानें माघार घेणें, इतकीं उत्तरें शोधावीं लागलीं. एका माणसाच्या मनाला बसलेल्या धक्क्यांतून खेळाचा सबंध स्वभाव घडला, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

नभोवाणीवर प्रेम करणाऱ्या मंडळींस ह्या खेळांतील बिनतारी यंत्राची कथा विशेष वाटेल. तें दुरुस्त झालें कीं इतर कोशांतील प्रवाशांचे संदेश ऐकूं येऊं लागतात. प्रत्येक संदेशांत एक ठिकाण सांगितलेलें असतें. नायक धडपडत तेथें पोहोंचतो आणि प्रत्येक वेळीं उशीर झालेला असतो. कोश फुटलेला, आंत कोणी नाहीं. आवाज मात्र कानांत राहतो. पुढें ‘सनबीम’ नांवाच्या एका व्यापारी यानाचा संदेश येतो. कप्तान धीर देतो, सुटकेसाठीं येत असल्याचें सांगतो, उतरण्याची जागा आणि वेळ कळवितो. खेळणारा त्या बेटावर जाऊन आकाशाकडे डोळे लावून उभा राहतो. यान ढगांतून खालीं येतें. इतक्यांत बेटावरील परक्या संस्कृतीच्या प्राचीन इमारतींतून एक हिरवा झोत निघतो आणि यान आकाशांतच भस्म होतें. ऑरोराहि अशाच माऱ्यानें पडलें होतें, हें तेव्हां उमगतें. ती तोफ द्वेषानें डागलेली नाहीं. ग्रहावर एका घातक जंतूची साथ आहे, आणि ती बाहेर पसरूं नये म्हणून केव्हांच कोणी तरी ही नाकाबंदी करून ठेवली आहे. नायकाच्या अंगींहि तो रोग शिरलेलाच आहे. तेव्हां सुटकेचा मार्ग वर आकाशांत नसून खालीं, सर्वांत खोल आणि सर्वांत भयाण जागीं आहे. कारण औषध तेथें आहे. तें कसें सांपडतें, हें येथें सांगून खेळूं इच्छिणाऱ्यांचा रसभंग करणें उचित नव्हे.

आतां दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. पडद्यावरचा समुद्र हा समुद्र नव्हे. ह्या खेळांत नायक शेंकडों मीटर खोलीवरून सरळ वर येतो आणि त्यास कांहीं होत नाहीं. खऱ्या पाणबुड्यानें टांकींतील हवा घेऊन असें केलें, तर दाबाखालीं रक्तांत विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपानें बाहेर पडून सांधे, मेंदू व पाठीचा कणा ह्यांस इजा करील. प्रसंगीं प्राणहि जाईल. हौशी पाणबुड्यांसाठीं साधारणतः ४० मीटर हीच मर्यादा मानिली जाते. खऱ्या पाण्यांत तांबडा रंग पहिल्या कांहीं मीटरांतच नाहींसा होतो. खेळांतील समुद्र रंगांच्या बाबतींत अधिक उदार आहे. शिवाय खेळांत मृत्यूहि सौम्य असतो. साध्या प्रकारांत बुडालेला मनुष्य जवळच्या कांहीं वस्तु गमावून पुन्हां आपल्या तळावर उभा राहतो. एकदां मेला कीं सर्व संपलें, असा कठोर प्रकारहि ठेवलेला आहे, आणि भूक-तहान वगळलेला सौम्य प्रकारहि आहे. पण कोणताहि प्रकार घेतला तरी शरीर खुर्चीवरच असतें. तीन तास पोहल्याचा भास होतो आणि पायांस मुंग्या येतात. डोळे शिणतात, झोप मागें पडते. समुद्रांतून कितीहि धातु उचलला आणि कितीहि मासे धरले, तरी हिशेब मागणारें तेथें कोणी नाहीं. खरी सृष्टि असा हिशेब मागतेच. हे दोष झांकून खेळाची स्तुति करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

परंतु ज्या घरीं मुलगा किंवा मुलगी हा खेळ खेळत आहे, त्या घरच्या वडील माणसांनीं दाराबाहेरून ‘पुरे झालें’ असें ओरडून भागत नाहीं. वेळेची मर्यादा अवश्य घालावी, आणि ती पाळली जाईल इकडे लक्षहि द्यावें. पण तत्पूर्वीं एक दिवस अर्धा तास शेजारीं बसावें. कोठें चालला आहेस, परत कसा येणार, हवा किती उरली, तो आवाज कोणाचा, असे साधे प्रश्न विचारावे. उत्तरें तत्काळ आणि नेमकीं येतात असें आढळेल. शाळेच्या भूगोलाविषयीं तींच मुलें इतक्या उत्साहानें बोलतीलच असें नाहीं. मग संगणक बंद करवून कोरा कागद पुढें ठेवावा आणि त्या समुद्राचा नकाशा काढावयास सांगावें. खेळानें नकाशा दिलेला नाहीं. तो मुलाच्या डोक्यांत आहे. उथळ भाग, अरण्य, पठारें, दऱ्या, बुडालेलें यान, हें सारें अंदाजानें पण विचारानें कागदावर उतरूं लागेल, आणि कांहीं जागा मोकळ्या राहतील. त्या मोकळ्या जागांविषयीं ‘अजून तेथें गेलों नाहीं’ असें मूल प्रामाणिकपणें म्हणालें, तर शोधकाच्या वृत्तीचा पहिला गुण त्याच्या अंगीं आला आहे असें समजावें. मग दुसऱ्या दिवशीं त्याच्यापुढें पृथ्वीवरील एखाद्या खऱ्या समुद्राचा नकाशा उघडून ठेवण्यास हरकत नाहीं.